तारामतीबाई आणि सात नग

तारामतीबाईंनी हिंदुस्थानातली बहुतेक प्रेक्षणीय स्थळं खालून पाहिली आहेत. गोवळकोंडा खालून, दौलताबाद खालून, श्रवणबेळगोळ खालून. चारमिनार समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून. गोवळकोंड्याला खालच्या कमानीत टाळी वाजवली की ती थेट वरच्या बालाहिसार महालात ऐकू येते, हे सगळ्या हैदराबादला ठाऊक आहे. पण वरच्यांना ऐकू यायचं तर खाली कुणीतरी टाळी वाजवत थांबावं लागतं, आणि ते काम कुणी न सांगताच बाईंकडे आलं. पाहुणे आले की घरात प्रवासाच्या गोष्टी निघतात, तेव्हा बाईही मागे राहत नाहीत. "दौलताबादला गेलात तर खालच्या लिंबाखाली बसा," असं त्या ठामपणे सांगतात. "तिथल्यासारखी सावली कुठं नाही."

कारण एकच, सामान. प्रवासात सामान असतं आणि सामानाजवळ कुणीतरी बसावं लागतं. एक्याऐंशी साली, लग्नाला दोन महिने झालेले असताना, सासरची सगळी मंडळी विजापूरला गोल घुमट पाहायला गेली. सासूबाईंजवळ पानाचा चांदीचा डबा होता. तो घेऊन जिने चढणं नको आणि तो सोडून जाणं तर त्याहून नको, म्हणून त्या नव्या सुनेला म्हणाल्या, "तारे, तू जरा बस सामानाजवळ. आम्ही आलोच." ते 'आलोच' पुढं चव्वेचाळीस वर्षं चाललं.

या कामात बाई तयार झाल्या, यात शंका नाही. सगळ्यात मोठ्या बॅगेवर बसायचं, दुसरीचा पट्टा पायाच्या घोट्यात अडकवायचा, पर्सा मांडीवर, चपला पाठीशी, आणि दर दहा मिनिटांनी नग मोजायचे. इतक्या वर्षांत एकही नग गेला नाही. श्रीशैलमला एक छत्री हरवली, पण ती त्यांच्या यजमानांनी, नामदेवरावांनी, स्वतः देवळात नेली होती, त्यामुळे ती बाई हिशेबात धरत नाहीत. भारतभर सामानाजवळ बसणाऱ्या बायकांशी त्यांची ओळख झाली. रामेश्वरला भेटलेल्या एका विजयवाड्याच्या बाईनं त्यांना गोंगुऱ्याची पचडी, म्हणजे अंबाडीची चटणी, शिकवली. हैदराबादेत जन्म काढूनही जे तेलुगू आलं नव्हतं, ते निम्मं अशा बायकांच्या शेजारी बसून आलं. शिवाय त्या जागेला मानही होता. कुणाला पाणी हवं असेल, दशमी हवी असेल, डोकेदुखीची गोळी हवी असेल, तर बाईंसमोर यावंच लागे. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या नामदेवरावांना आयुष्यात कधी एवढा अधिकार मिळाला नाही.

आणि मंडळी परत आली, घामेजलेली, तोंडं लाल झालेली, की बाई विचारायच्या, "कसं होतं?" उत्तर ठरलेलं असे. "काही विशेष नाही गं. नुसत्या पायऱ्या. तू आली नाहीस तेच बरं झालं." बाईंना ते पटायचं. राजेरजवाड्यांना दुसरा उद्योग नव्हता म्हणून ते पायऱ्या बांधत बसले, असं त्यांचं इतिहासाबद्दलचं मत झालं होतं, आणि ते त्या कुणालाही ऐकवत.

यंदाच्या जानेवारीत नामदेवरावांना सत्तर पूर्ण झाली, म्हणून मुलगा प्रशांत, सून हर्षदा आणि इंजिनिअरिंगला असलेली नात तेजश्री यांनी गोव्याचा बेत केला. तेजश्रीनं फोनवरच गोव्याच्या दक्षिण टोकाला एक होडी ठरवली: सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, चार किनारे, दोन गुहा, आणि होडीत आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. नामदेवरावांनी तो कार्यक्रम तीनदा मोठ्यानं वाचून दाखवला. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "होडीत सामान कुठं ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी त्या सुलतान बाजारात गेल्या आणि पाणी न शिरणारी बॅग मागितली. दुकानदारानं एक निळी, जाड, गुंडाळून बंद करायची बॅग काढली. "अम्मा, समंदर में फेको तो भी तैरती," तो म्हणाला. बाईंनी ती जमिनीवर ठेवली, पदर सावरला आणि दुकानाच्या मधोमध तिच्यावर बसून पाहिलं. दुकानदार घाबरला. "अम्मा, ये बैठने की नक्को, सामान रखने की है!" बाईंनी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे होऊन अंदाज घेतला आणि बॅग घेतली.

"प्रत्येकानं एक छोटी पिशवी घ्यायची, बस," असं तेजश्रीनं बजावलं होतं. बाईंनी पुष्कळ काटछाट केली आणि सामान सात नगांवर आणलं. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उस्मानिया बिस्किटं, कपड्यांचा जोड प्रत्येकी एक, चादर, छत्र्या आणि कशालाही उपयोगी पडेल म्हणून सुतळी होती.

होडीवाल्याचं नाव सुधीर. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. पहिला किनारा आला तेव्हा त्यानं होडी वाळूला लावली, फळी टाकली आणि सगळ्यांना हात देऊन उतरवलं. बाई निळ्या बॅगेवर बसून राहिल्या.

"काकी, उतरा की."

"सामान आहे ना," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी काश्मीर सोडून सगळीकडे म्हटलं होतं आणि सगळीकडे लोक मान हलवून पुढं जात.

सुधीरनं मान हलवली नाही. "सामान कोण नेणार? चोर काय पोहत येणार? आणि मी आहे की होडीवर. मी रोजच बसतो."

आता आली का पंचाईत! आजवर जिना उंच असे, ऊन असे, गर्दी असे, चोर असत. इथे समुद्र शांत, किनारा रिकामा, वर राखण करायला होडीचा मालक जातीनं हजर. आता आपली गरज काय, असा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. "गुडघा जरा दुखतोय," असं त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या. दुसऱ्या किनाऱ्यावरही गुडघा दुखला.

तिसऱ्या किनाऱ्यावर पहिली गुहा होती, वाळूवरून चालत जाण्याजोगी. मंडळी गेली. बाईंनी नग मोजले, सात भरले. मग सुधीरला दोन दशम्या आणि चटणी दिली, कारण त्या जिथं बसतात तिथं शेजारच्याला उपाशी ठेवत नाहीत.

"रोज इथंच बसता म्हणजे तुमचंही सगळं बघायचं राहिलंच असेल," त्या समव्यवसायी माणसाच्या कळवळ्यानं म्हणाल्या.

"छे हो. माझं लहानपणीच सगळं बघून झालंय. अजून मन झालं की जातो." सुधीरनं चटणी चाटली. "ही गुहा तशी साधी. पण पुढची बघा. ओहोटी असेल तेव्हाच तिचं तोंड उघडं पडतं. छोट्या होडक्यानं आत जायचं. छताला एक भोक आहे, तिथून ऊन पडतं आणि आतलं पाणी खालून दिवा लावल्यासारखं हिरवं दिसतं. छतावर ते हलत राहतं. माणसं आत जाईपर्यंत बडबडत असतात, आत गेली की गप्प. मुंबईचे लोकसुद्धा."

"आमचे लोक तर म्हणतात, काही विशेष नसतं कुठं."

सुधीर हसला. "जो आला नाही त्याला असंच सांगायचं असतं, काकी. माझी आई आता चालू शकत नाही. ती विचारते, आज गुहेत कसं होतं रे. मी म्हणतो, काही नाही गो, दगडच आहेत. उगाच तिला वाईट कशाला वाटायला द्यायचं?"

बाईंच्या हातातली दशमी हातातच राहिली. गोवळकोंडा, पायऱ्या. दौलताबाद, पायऱ्या. श्रवणबेळगोळ, पायऱ्याच. या एवढ्या पायऱ्या चढायला लोक रांगा लावतात, तिकिटं काढतात, वर जाऊन फोटो काढतात, पुन्हा पोराबाळांना घेऊन येतात. हे सगळं नुसत्या पायऱ्यांसाठी? चव्वेचाळीस वर्षांत हा साधा विचार आपल्या मनात एकदाही आला नाही, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. बॅगेचा पट्टा घोट्यातून केव्हा सुटला तेही त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात मंडळी परत येताना दिसली. बेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला प्रशांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बायकोच्या अंगावर पाणी उडवत होता आणि हर्षदा किंचाळत पळत होती. तेजश्री आजोबांच्या गळ्यात हात टाकून त्यांना फोनमध्ये काहीतरी दाखवत होती आणि नामदेवराव मान मागे टाकून हसत होते. होडी दहा पावलांवर आली तसे चौघांनीही चेहरे सारखे केले. हसू गेलं आणि दमणूक आली. बाईंनी हे आज पहिल्यांदाच पाहिलं. एरवी नेमक्या या वेळी त्या नग मोजत असत.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही विशेष नाही गं आई," प्रशांत म्हणाला. "नुसते दगड."

"निसरडं फार," नामदेवराव म्हणाले. "तू आली नाहीस तेच बरं झालं."

"खोटं बोलताय तुम्ही," बाई म्हणाल्या.

सगळे जागच्या जागी थांबले. बाई सहसा असं बोलत नाहीत. त्यांनी नवऱ्याकडं रोखून पाहिलं. "अहो, मला एक सांगा. गोल घुमटात वर काय होतं?"

"आता हा गोल घुमट कुठून आला मधेच?"

"मी विजापूरला खाली बसले होते. तुम्ही वर गेला होता. वर काय होतं?"

नामदेवरावांनी मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही. "वर गोल सज्जा आहे," ते म्हणाले. "या टोकाला कुजबुजलं की त्या टोकाला ऐकू येतं. आणि मोठ्यानं हाक मारली की सात वेळा परत येते."

"सात वेळा, हे कुणी मोजलं?"

"मीच मोजलं की." नामदेवराव सत्तराव्या वर्षी लाजले. "आई-अण्णा पुढं गेले होते. मी तुझ्या नावानं हाक मारली. तारा म्हणून."

"आजोबा! सो क्यूट!" तेजश्री ओरडली.

"गप तू," बाई म्हणाल्या. "मग?"

"मग काय? सात वेळा तारा, तारा झालं. आई म्हणाली, कोण खुळा हौला ओरडायलाय रे? म्हणून मी गप बसलो. खाली आलो तर तू त्या डब्यावर नजर लावून बसलेली. तुला काय सांगायचं?"

बाईंना फार राग आला. आणि राग येतानाच आनंदही झाला, दोन्ही एकदम, त्यामुळे चेहरा कसा करावा ते त्यांना समजेना. आपलं नाव त्या एवढ्या मोठ्या घुमटात सात वेळा फिरलं, तेव्हा आपण एकवीस वर्षांच्या होतो आणि बाहेर हिरवळीवर बसून पानाचा डबा राखत होतो. त्यांनी दशम्यांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि होडी सुरू झाली.

चौथा किनारा म्हणजे कड्याखालची वाळूची एक पट्टी होती आणि तिच्या पलीकडं दुसरी गुहा. सुधीरनं मोठी होडी नांगरली आणि मागं बांधून आणलेलं होडकं सोडलं. "माझ्याबरोबर दोघंच बसतील," तो म्हणाला. "आणि दोनच फेऱ्या. पाणी चढायला लागलंय." पहिल्या फेरीत प्रशांत आणि हर्षदा जाऊन आले. ते वाळूवर उतरले आणि होडीकडं न बघता, चेहरे सारखे करत बसण्यापेक्षा बरं म्हणून, परस्पर फोटो काढायला निघून गेले. दुसरी फेरी तेजश्रीची आणि नामदेवरावांची होती. नामदेवरावांनी चष्मा दोरीनं मानेला बांधून तयारी केली होती.

"मी जाणार," बाई म्हणाल्या.

"मग सामानाजवळ..." नामदेवरावांच्या तोंडून निघालं आणि तिथंच थांबलं. बाई उभ्या राहिल्या होत्या आणि निळ्या बॅगेवर कुणी नव्हतं. नामदेवरावांनी एकदा गुहेच्या तोंडाकडं पाहिलं. तिथलं पाणी काळं होतं, वर होत होतं, खाली जात होतं. मग ते म्हणाले, "हौ, जा. माझं काय," आणि त्या बॅगेवर जाऊन बसले. त्यांना नीट बसता आलं नाही. त्या कामाचीही सवय लागते.

होडक्यात उतरताना बाईंनी सुधीरचा हात इतका घट्ट धरला की तो कळवळला. गुहेच्या तोंडाशी डोकी खाली घालावी लागली. अंधार झाला, ओलसर थंडी आली, आणि बाई म्हणाल्या, "यात काय बघायचं? आमच्या नारायणगुड्याच्या जुन्या घरात न्हाणीला अशीच ओल होती." तेजश्री हसली. मग होडकं एका वळणावरून पुढं सरकलं आणि बाईंनी वर पाहिलं.

पाणी हिरवं होतं आणि ते उजेडानं भरलं होतं. छत, भिंती, सुधीरचं तोंड, तेजश्रीचे हात, बाईंचा स्वतःचा पांढरा पदर, सगळ्यावर तो उजेड हलत होता. खाली तळाचे गोटे एक एक मोजता आले असते, पण बाईंनी मोजले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. इतकं सुंदर काही असतं, लोक ते बघून येतात, आणि आपणही माणूसच असून आपण ते मागितलं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. दोष कुणावर ढकलता येईना. कुणी त्यांना बांधून ठेवलं नव्हतं. त्या बस म्हटल्यावर बसल्या होत्या, आणि पुढं तर कुणी म्हणायच्या आतच बसत होत्या.

"आज्जी, हाक मार ना आजोबांना," तेजश्री हळूच म्हणाली.

नवऱ्याचं नाव बाईंनी उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला, घसा साफ केला आणि ओरडल्या, "अहो!" गुहेनं ते दोनदा परत केलं. बाई पोटभर हसल्या, आणि ते हसूही परत आलं.

होडकं बाहेर आलं तेव्हा नामदेवराव बॅगेवरून उठून कठड्याशी उभे होते. निळी बॅग आडवी पडली होती, एक छत्री पाण्यात तरंगत होती आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

तेजश्रीनं आज्जीकडं पाहिलं. सुधीरनंही वल्ही थांबवली.

"खूप सुंदर होतं," बाई म्हणाल्या. "आत सगळं हिरवं हिरवं आहे. पाण्यालाच उजेड आहे. मी जन्मात असं काही पाहिलं नाही." चव्वेचाळीस वर्षं त्यांना कुणी खरं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं खरं सांगितलं, छत, भिंती, गोटे, काही ठेवलं नाही.

नामदेवराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी मानेला बांधलेली चष्म्याची दोरी सोडली आणि चष्मा खिशात ठेवला. "बरं झालं, तू बघितलंस," ते म्हणाले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

सगळे आपल्याशी इतकी वर्षं खोटं का बोलले, ते तेव्हा बाईंना समजलं. ते चेहरे सारखे करणं, ती दमणूक, त्या पायऱ्या. खरं ऐकून मागं राहिलेल्याचं तोंड कसं होतं, ते पाहणं कुणाला सोसत नव्हतं. त्यांनाही सोसलं नाही.

"सुधीर, आणखी एक फेरी होईल का?" त्यांनी विचारलं.

सुधीरनं गुहेच्या तोंडाकडं पाहिलं. "पाच मिनिटं मिळतील. डोकी पार गुडघ्याला लावावी लागतील. जमेल?"

"जमेल," बाई म्हणाल्या. "तेजू, तू वर जा. अहो, या खाली."

"तू पुन्हा कशाला येतेस?"

"तुम्हाला वर कुठं बघायचं ते कोण दाखवणार? चला, चष्मा लावा."

नामदेवराव चष्मा शोधत, फळी चाचपत उतरायला लागले. अर्ध्यात थांबून त्यांनी सवयीनं मागं पाहिलं. "आणि सामान?"

"तुम्ही जा, आजोबा," तेजश्री वरून म्हणाली. पोर मोठी गुणी. तिनं आडवी पडलेली निळी बॅग उभी केली, तिच्यावर बसली आणि दुसऱ्या बॅगेचा पट्टा आपसूक घोट्यात अडकवला. "मी बसते सामानाजवळ."

होडक्यात बसलेल्या तारामतीबाई ताडकन उभ्या राहिल्या. होडकं इतकं डुललं की सुधीरनं देवाचं नाव घेतलं.

"ऊठ," त्या ओरडल्या. "ऊठ आधी तिथून. पाण्यात पाय सोडून बस, फोटो काढ, नाहीतर झोप. पण सामानाजवळ बसायचं नाही."

तेजश्री घाबरून उठली, पायातला पट्टा काढला आणि होडीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तेव्हाच बाई खाली बसल्या आणि सुधीरला म्हणाल्या, "चला."